ल गॉफ म्हणजे लोहार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

माझं आडनाव लोहार. महाराष्ट्रात हे आडनाव सांगितलं की समोरच्याला आणखी काही विचारावं लागत नाही. वडील गावात भाता चालवायचे, आजोबाही तेच करायचे. मी शिकलो, इतिहासाचा प्राध्यापक झालो, हातात घणाऐवजी खडू आला. आडनाव मात्र तेच राहिलं.

मध्ययुगीन युरोप हा माझा शिकवण्याचा विषय. त्यामुळे जाक ल गॉफ या फ्रेंच इतिहासकाराची पुस्तकं इंग्रजी अनुवादातून मी अनेक वर्षं वाचत होतो. १९२४ साली तुलाँ या बंदराच्या शहरात जन्मलेला आणि २०१४ साली पॅरिसमध्ये वारलेला हा मोठा माणूस. मध्ययुग म्हणजे केवळ राजे आणि लढाया नव्हेत. त्या काळचा व्यापारी, कारागीर, विद्यार्थी वेळेचा हिशेब कसा ठेवायचा, मेल्यानंतरच्या जगाची कल्पना कशी करायचा, हेही इतिहासाचेच विषय आहेत, असं त्याने दाखवून दिलं. त्याचं नाव मी वर्गात शेकडो वेळा उच्चारलं असेल. पण नावाचा अर्थ काय, हा प्रश्न कधी मनात आला नव्हता.

एके दिवशी फ्रेंच शिकवणारे एक स्नेही सहज म्हणाले, "तुमचा ल गॉफ तुमचाच भाऊबंद आहे, माहीत आहे ना? ल गॉफ म्हणजे लोहार!"

मी शब्दकोश काढला. फ्रेंचमध्ये लोहाराला 'फोर्झरों' म्हणतात. 'गॉफ'चा लोहाराशी काही संबंध असल्याचं फ्रेंच शब्दकोशात सापडत नाही. सापडणार तरी कसं? तो शब्द फ्रेंच नाहीच. तो ब्रेटन आहे. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या घरात आडनावाचा एक प्रश्न उभा राहिला होता, त्यामुळे मी या शब्दाच्या मागे लागलो. घरचा प्रश्न शेवटी सांगतो. आधी ल गॉफ.

फ्रान्सच्या नकाशात पश्चिमेला एक द्वीपकल्प अटलांटिक महासागरात घुसलेलं दिसतं. ते ब्रिटनी. त्याच्या पार टोकाच्या जिल्ह्याचं नाव फिनिस्तेर, म्हणजे लॅटिनमध्ये 'जमिनीचा शेवट'. तिथले लोक आपल्या भाषेत त्याला 'पेन्न आर बेद' म्हणतात. त्याचा अर्थ जगाचं टोक असाही होतो आणि जगाचं डोकं असाही. पाचव्या-सहाव्या शतकात ब्रिटन बेटाच्या नैर्ऋत्य भागातून माणसं समुद्र ओलांडून इथे येऊन वसली. त्यांनी येताना आपली भाषा आणली. तीच पुढे ब्रेटन झाली. म्हणजे ही भाषा लॅटिनपासून निघालेली नाही. ती फ्रेंचची बोली नाही, बहीणही नाही. तिची सख्खी नाती समुद्रापलीकडच्या वेल्श आणि कॉर्निश भाषांशी आहेत. मराठी मुलखाच्या मध्यभागी गोंडी बोलणारी वस्ती असावी आणि तिचं नातं शेजारच्या मराठीपेक्षा दूरच्या तेलुगू-तमिळशी अधिक असावं, तसाच हा प्रकार.

ब्रेटनमध्ये लोहाराला 'गोव्ह' म्हणतात आणि लोहाराच्या भट्टीला 'गोव्हेल'. जुन्या लेखनात हाच शब्द शेवटी 'फ'ची दोन अक्षरं काढून 'गॉफ' असा लिहीत. वेल्श आणि कॉर्निशमध्येही लोहार म्हणजे 'गोव्ह'च. आयर्लंडच्या भाषेत त्याचं रूप 'गावा'सारखं होतं आणि 'मॅक्गोवन' या आयरिश आडनावाचा अर्थ होतो लोहाराचा मुलगा. शब्द किती जुना, तर आयर्लंडच्या पुराणकथांत देवांची शस्त्रं घडवणारा देव आहे गोइब्नियू, आणि वेल्श कथांत त्याचा जोडीदार आहे गोवानोन. दोघांच्याही नावात हाच लोहार बसला आहे. वेल्समध्ये रोमन लोकांनी एक ठाणं वसवलं होतं, त्याचं नाव गोबान्नियम. त्याच ठिकाणी आज अॅबरगेव्हनी हे गाव आहे. थोडक्यात, रोमन सैनिक तिथे पोचले तेव्हा हा शब्द तिथे आधीच घण मारत बसला होता.

आता आडनाव कसं बनलं ते पाहू. नवव्या शतकात ब्रिटनीतल्या रेदों इथल्या मठाने जमिनींच्या देवघेवीचे दस्त लिहून ठेवले. ते आजही उपलब्ध आहेत. त्यांत माणसांना एकेकच नाव आहे. तेवढं पुरत होतं. पुढे लोकसंख्या वाढली, ठरावीक संतांचीच नावं मुलांना ठेवण्याची प्रथा पडली आणि एका गावात एकाच नावाची दहा-दहा माणसं झाली. मग साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांत ओळखीसाठी दुसरं नाव चिकटू लागलं. कुणी बापाच्या नावाने ओळखला जाई, कुणी गावाच्या, कुणी अंगलटीच्या, कुणी धंद्याच्या. ब्रेटन आडनावांची यादी वाचली तर एक अख्खं खेडं डोळ्यांपुढे उभं राहतं. ल बियाँ म्हणजे लहानखुरा, ल ब्रा म्हणजे थोराड, ल ग्वेन म्हणजे गोरा, ल दू म्हणजे काळा. ल केरे म्हणजे चांभार, केमेनेर म्हणजे शिंपी, ल बाराझेर म्हणजे लाकडी पिंपं करणारा, ल मेव्हेल म्हणजे गडी. ब्रेटन-फ्रेंच-लॅटिन असा त्रैभाषिक कोश १४६४ साली ज्याने तयार केला आणि जो १४९९ साली छापला गेला, त्या पाद्र्याचं आडनाव होतं लागादेक, म्हणजे मोठ्या डोळ्यांचा! तो कोश ब्रेटनचा पहिला, आणि फ्रेंचचाही पहिलाच मानला जातो.

या खेड्यातला ऐरणीपाशी उभा असलेला माणूस म्हणजे 'आन गॉफ', तो लोहार. यातलं 'आन' म्हणजे इंग्रजीतलं 'द'. मराठीत तसा शब्द नाही, पण आपण 'तो लोहार' म्हणून बोट दाखवतो, तसंच काहीसं. पूर्वी ब्रेटनमध्ये सर्रास 'आन' वापरत. आज पुढच्या अक्षराप्रमाणे त्याची आन, आर, आल अशी रूपं होतात आणि लोहार 'आर गोव्ह' होतो.

मग 'आन गॉफ'चा 'ल गॉफ' कुणी केला? लेखनिकाने. जुन्या कागदांत 'आन गॉफ' असं लिहिलेलं सापडतं. पण दस्त लिहिणारा कारकून आणि नोंदवही ठेवणारा पाद्री लॅटिन किंवा फ्रेंच शिकलेला. समोरचा शेतकरी ब्रेटनमध्ये नाव सांगतोय आणि हा फ्रेंचमध्ये उतरवून घेतोय. 'आन' म्हणजे फ्रेंच 'ल', हे त्याला ठाऊक होतं. ते त्याने बदललं. 'गॉफ' तसाच ठेवला. अर्धं भाषांतर झालं आणि अर्धं राहून गेलं. म्हणूनच ल गॉफ हे आडनाव पूर्ण ब्रेटनही नाही आणि पूर्ण फ्रेंचही नाही. त्याच्या डोक्यावर फ्रेंच टोपी आहे आणि अंगात ब्रेटन बंडी. ब्रिटनीतली 'ल'ने सुरू होणारी शेकडो आडनावं अशीच तयार झाली. परक्या माणसाला कधी कधी वाटतं की हा 'ल' म्हणजे सरदार घराण्याची खूण असेल. तसं काही नाही. सरदारकीशी जोडला जातो तो 'द'. हा 'ल' बिचारा लोहार, शिंपी आणि गडी यांचा आहे.

नोंदींच्या बाबतीत ब्रिटनी फ्रान्सच्या पुढे होती. नान्तच्या बिशपने १४०६ सालीच बाप्तिस्म्यांची नोंद ठेवण्याचा हुकूम काढला. कारण मोठं मजेदार आहे. धर्मपिता, धर्ममाता यांच्यामुळे जी नाती जुळत, त्या नात्यांत लग्न निषिद्ध होतं. आणि लेखी पुरावा नसेल तर कोण कुणाचा कोण, हे कळणार कसं? रोझ-लांद्रिय या गावची १४५१ पासूनची नोंदवही आजही टिकून आहे. ब्रिटनी १५३२ साली फ्रेंच राज्यात विलीन झाली. १५३९ मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने साऱ्या राज्यात बाप्तिस्म्यांच्या नोंदी आणि कायद्याच्या कागदांत फ्रेंच भाषा सक्तीची केली. तरीही आडनाव पातळच होतं. एकाच कुटुंबात ल गॉफ, लगॉफ, गॉफ असं काहीही लिहिलं जाई. ते घट्ट झालं राज्यक्रांतीनंतर. २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने जन्मदाखल्यावर असेल त्याखेरीज दुसरं नाव किंवा आडनाव लावायला बंदी केली. पुढे १८७७ पासून प्रत्येक जोडप्याला कुटुंबाची नोंदपुस्तिका मिळू लागली आणि स्पेलिंगही गोठलं. तापलेलं लोखंड पाण्यात बुडवलं की जसा आकार कायम होतो, तसंच आडनावाचं झालं.

आता संख्येकडे येतो. फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेने १८९१ पासूनच्या जन्मांची आडनावनिहाय आणि जिल्हानिहाय मोजणी उपलब्ध केली आहे. पंचवीस-पंचवीस वर्षांचे टप्पे करून ती पाहता येते. सगळ्या देशात पहिला क्रमांक मार्तँ या आडनावाचा. ल गॉफ देशाच्या पहिल्या शंभरात येत नाही, पण त्यानंतर फार लांबही नाही. मात्र फिनिस्तेर आणि त्याच्या शेजारचा कोत-दार्मोर हे जिल्हे उघडले की चित्र बदलतं. तिथे ते अगदी वरच्या काही आडनावांत आहे. फिनिस्तेरमध्ये सर्वांत वरचं आडनाव आहे ल गाल, आणि त्याचा अर्थ, गंमत पाहा, 'फ्रेंच माणूस', परका! ब्रेटन लोकांत जो फ्रेंच बोलणारा येऊन राहिला, त्याला ओळखण्यासाठी दिलेलं हे नाव आज तिथलं सर्वांत घरगुती आडनाव झालं आहे. पूर्वीच्या छापील टेलिफोन डिरेक्टरीत या जिल्ह्यांची 'ल'ची पानं संपता संपत नसत.

इथे मला एक प्रश्न पडला. लोहार गावात एकच असतो. शेतकरी शंभर असतात. मग लोहाराचं आडनाव इतकं जास्त आणि शेतकऱ्याचं इतकं कमी, हे कसं? विचार केल्यावर उत्तर सापडलं आणि ते प्रश्नातच होतं. आडनाव हे वेगळेपण दाखवण्यासाठी असतं. ज्या गावात शंभर घरं शेती करतात, तिथे 'तो शेतकरी' म्हणून कुणालाच ओळखता येत नाही. पण 'तो लोहार' म्हटलं की एकाच दाराकडे बोट जातं. म्हणजे जो गावात एकटा, त्यालाच धंद्याचं नाव मिळतं. आणि लोहार प्रत्येक गावाला लागतोच. नांगराचा फाळ, घोड्याची नाल, दाराची बिजागरी, विळा, कुऱ्हाड यांच्यावाचून कुणाचं चालत नाही. म्हणून शेकडो गावांत, एकमेकांना न विचारता, शेकडो वेळा हेच आडनाव जन्माला आलं. त्यामुळे दोन ल गॉफ भेटले तर ते एकाच मूळ पुरुषाचे वंशज असतीलच असं अजिबात नाही. त्यांच्यात रक्ताचं नातं नसेलही; ऐरणीचं नातं मात्र नक्की.

अशा अनेक मुळांच्या आडनावाला आणखी एक फायदा मिळतो. आडनावं मरतात. एखाद्या पिढीत मुलगा झाला नाही की बापाकडून येणारं आडनाव तिथे संपतं. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन या दोघांनी १८७४ साली यावर गणितच मांडलं. ज्या आडनावाचं एकच घर, ते काही पिढ्यांत बुडण्याचा धोका मोठा. ज्याची घरं शेकडो गावांत विखुरलेली, ते इथे बुडलं तरी तिथे तरतं. ल गॉफ टिकला तो असा.

हे गणित जगभर लागू पडलेलं दिसतं. इंग्लंडचा स्मिथ, जर्मनीचा श्मिट, इटलीचा फेरारी, पोलंडचा कोवाल्स्की, हंगेरीचा कोवाच, रशियाचा कुझनेत्सोव्ह, अरबांचा हद्दाद, सगळे लोहार. खुद्द फ्रान्समध्ये तर लोहाराची कितीतरी रूपं आहेत. लॅटिन 'फाबेर' या शब्दावरून उत्तरेत लफेव्र झाला, दक्षिणेत फाब्र आणि फोर झाला. पूर्व ब्रिटनीत, जिथे ब्रेटन नव्हे तर फ्रेंचच्या जवळची गालो बोली चालते, तिथे लफव्र हे त्याचं खास रूप. म्हणजे ब्रिटनीच्या नकाशावर पश्चिमेचे ल गॉफ आणि पूर्वेचे लफव्र वेगळ्या रंगांनी भरले, तर दोन भाषांमधली जुनी सीमा जवळजवळ आपोआप उमटते. भाषातज्ज्ञाला जे काम गावोगाव हिंडून करावं लागलं असतं, ते जन्मनोंदीच्या वह्यांनी करून ठेवलं आहे.

या आडनावाच्या गोतावळ्यात आणखीही मंडळी आहेत. ल गॉफिक म्हणजे धाकटा लोहार. आपल्याकडे 'छोटू' म्हणावं तसं. लान्नियोंचा कवी आणि लेखक शार्ल ल गॉफिक १९३० साली फ्रेंच अकादमीवर निवडून आला होता. केरगॉफ या नावाच्या वाड्या आहेत, म्हणजे 'लोहारवाडी'. आणि समुद्रापलीकडे कॉर्नवॉलमध्ये अँगोव्ह हे आडनाव आहे. ते म्हणजे सरळ 'आन गॉफ'; तिथे 'आन'चा 'ल' करणारा फ्रेंच लेखनिक भेटला नाही, एवढाच फरक.

कॉर्नवॉलच्या या लोहाराची एक गोष्ट सांगायलाच हवी. १४९७ साली इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याने स्कॉटलंडच्या युद्धासाठी कर बसवला. आपला त्या युद्धाशी काय संबंध, म्हणून कॉर्नवॉलची जनता उठली. पुढारी होते दोघे. एक वकील, टॉमस फ्लॅमांक. दुसरा सेंट केव्हर्न गावचा लोहार, मायकेल जोसेफ, ज्याला सगळे 'आन गोव्ह' म्हणत. हजारो माणसं पायी चालत लंडनच्या वेशीपर्यंत पोचली. १७ जूनला ब्लॅकहीथजवळ त्यांचा पराभव झाला आणि २७ जूनला दोघांनाही लंडनमध्ये देहदंड झाला. वधस्तंभाकडे नेताना, माझं नाव कायम राहील, असं तो लोहार म्हणाला होता, असं इतिहासलेखक सांगतात. पाचशे वर्षांनी, १९९७ साली, त्याच्या गावापासून लंडनपर्यंत माणसं पुन्हा त्याच वाटेने चालत गेली. धंद्याचं नाव अभिमानाचं नाव होऊ शकतं, ते असं.

ब्रिटनीच्या ल गॉफांकडे परत येऊ. ते आज कुठे आहेत? अर्थातच सगळे गावी राहिले नाहीत. रेल्वे १८६३ मध्ये केंपेरला आणि १८६५ मध्ये ब्रेस्तला पोचली, आणि गरीब ब्रिटनीतून माणसांचा लोंढा पॅरिसकडे निघाला. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवर उतरायचं आणि त्याच भागात खोली शोधायची. कोकणातला माणूस मुंबईला उतरून गिरणगावात गावकरी शोधायचा, अगदी तसंच. बायका मोलकरणी झाल्या, पुरुष रेल्वेत, बांधकामावर, आरमारात गेले. मॉर्बियाँ जिल्ह्यातल्या गुरँ गावच्या परिसरातून तर कित्येक जण अमेरिकेला गेले. त्या गावात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची छोटी प्रतिकृतीच उभी आहे. आमचा इतिहासकार ल गॉफ भूमध्य समुद्राकाठच्या तुलाँला जन्मला, पण त्याचे वडील मूळ ब्रेटन. म्हणून नोंदींच्या जुन्या टप्प्यांत ल गॉफ पश्चिम ब्रिटनीत दाटीने दिसतात आणि पुढच्या टप्प्यांत पॅरिस आणि भोवतालच्या जिल्ह्यांतही त्यांचे ठिपके वाढत जातात.

पण माणसं पांगली, त्याहून मोठी गोष्ट घडली ती भाषेची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रेटन बोलणारे दहा लाखांहून अधिक होते. शाळा फ्रेंच होत्या. वर्गात ब्रेटन शब्द तोंडून गेला की त्या पोराच्या गळ्यात लाकडी बूट किंवा तसलीच काही वस्तू अडकवत. पुढचा कुणी चुकेपर्यंत ती त्याने वागवायची. अशी लाज घेऊन वाढलेल्या आईबापांनी आपल्या मुलांशी ब्रेटन बोलणं सोडून दिलं. कुणी बंदुकीच्या धाकाने नव्हे, तर मुलांचं भलं व्हावं म्हणून. १९५१ साली शाळांत ब्रेटन शिकवायला थोडी मुभा मिळाली, १९७७ पासून 'दिवान' या ब्रेटन माध्यमाच्या शाळा सुरू झाल्या. पण मधल्या दोन पिढ्या निघून गेल्या होत्या. २०१८ च्या पाहणीत ब्रेटन बोलणारे सुमारे दोन लाख होते. २०२४ च्या पाहणीत ते १ लाख ७ हजारांवर आले, आणि त्यांचं सरासरी वय साठीच्या जवळ आहे.

भाषा अशी ओसरली, आडनाव मात्र राहिलं. त्यामुळे आज हजारो घरांत अशी परिस्थिती आहे की घरातला शेवटचा ब्रेटन शब्द म्हणजे दारावरची पाटी. आजोबांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता, नातवाला नाही. शिक्षक हजेरीत ल गॉफ पुकारतो, बँकेत ल गॉफ सही करतो, आणि आपण 'लोहार' असं लिहितो आहोत हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

फ्रान्सच्या कायद्याने नावांच्या बाबतीत हळूहळू हात सैल केला आहे. १८०३ पासून मुलांना ठरावीक यादीतलीच नावं ठेवावी लागत, त्यामुळे ब्रेटन नावांची नोंदच होत नसे. १९९३ च्या कायद्याने ती निवड आईबापांवर सोपवली. तरीही २०१७ साली केंपेरमध्ये जन्मलेल्या एका बाळाच्या ब्रेटन नावातल्या एका अक्षरावरच्या नागमोडी रेघेसाठी खटला चालला. २०१८ मध्ये रेनच्या न्यायालयाने ती रेघ मान्य केली. आडनावांचंही तसंच. २००५ पासून मूल आईचं, बापाचं किंवा दोघांचं आडनाव लावू शकतं. जुलै २०२२ पासून तर सज्ञान माणूस साध्या अर्जावर आईचं आडनाव घेऊ शकतो. म्हणजे गाल्टनचं जुनं गणितही आता थोडं बदलणार.

आता घरचा प्रश्न. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा संगणकाच्या क्षेत्रात नोकरीला आहे. त्याने ठरवलं की आडनाव बदलायचं. गावाच्या नावाला 'कर' लावून नवं आडनाव घ्यायचं आणि राजपत्रात छापून आणायचं. म्हणाला, "काका, मुलाखतीत आडनाव ऐकलं की समोरच्याच्या डोळ्यांत काहीतरी हलतं. मला ते नको." त्याच्या एका वरिष्ठाने एकदा हसत हसत, "मग घरी भाता आहे का अजून?" असं विचारलं होतं. विचारणाऱ्याला तो विनोद वाटला होता. भाऊ दुखावला होता, आणि मी मोठा म्हणून मी मुलाला समजवावं, अशी त्याची अपेक्षा होती.

मी त्याला ल गॉफची ही सगळी हकिकत सांगितली. तुझ्याच आडनावाचा माणूस जगातला नामांकित इतिहासकार झाला, म्हटलं. तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने एकच प्रश्न विचारला. "काका, ल गॉफ म्हणजे लोहार हे तिथे सगळ्यांना कळत असतं, आणि लोहाराचं मूल लोहारच, त्याची सोयरीक लोहाराशीच, असा नियम तिथे असता, तर त्याला ते आडनाव इतकं हलकं वाटलं असतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या अभ्यासात जे सुटलं होतं, ते त्याने पकडलं. ब्रिटनीत लोहाराचा मुलगा लोहार झाला नाही तर आडनाव तेवढं राहिलं, धंदा गेला. आपल्याकडे धंदा गेला तरी आडनावाच्या मागे जात उभीच राहिली. शिवाय तिथे शब्दाचा अर्थ विसरला गेला, कारण भाषाच विसरली गेली. आपली भाषा जिवंत आहे, म्हणून आपलं आडनाव बोलतं. आणि ते बोलतं म्हणूनच कधी कधी बोचतं. ल गॉफचं आडनाव हलकं आहे खरं, पण त्या हलकेपणाची किंमत एका अख्ख्या भाषेने मोजली आहे. मराठी विसरून माझं आडनाव हलकं होणार असेल, तर ते मला नको. ते हलकं व्हायचं तर विचारणाऱ्याच्या डोळ्यांतलं ते काहीतरी हलायचं थांबलं पाहिजे.

पुतण्याने अर्ज भरला. राजपत्रात त्याचं नवं आडनाव छापून आलं. मी अडवलं नाही. तो त्याचा हक्क आहे, आणि ज्याला बोचतं त्यानेच ठरवायचं. भाऊही आता त्यावर बोलत नाही. पुतण्याने गेल्या दिवाळीला मात्र गावी आल्यावर एक गोष्ट विचारली. वडिलांची ऐरण परसात पडून होती, अर्धी मातीत रुतलेली. "ही मी नेऊ का?" म्हणाला. चौघांनी मिळून ती उचलली आणि गाडीत ठेवली. शहरातल्या त्याच्या घरी ती आता दाराशी असते. दारावरच्या पाटीवर नवं आडनाव आहे, आणि पाटीखाली ऐरण.